तळव्यातला हात

४ फेब्रुवारी

चिमटीचा फोन. पंधरा वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली शिकली, सदानकदा हातात चिमटा, म्हणून चिमटी. आता तिची स्वतःची प्रयोगशाळा आहे. आधी तब्येत विचारली, मग गुडघे विचारले. तेव्हाच ओळखलं, पोरगी पोटात काहीतरी ठेवून बोलतेय.

'मॅडम, छापायच्या आधी तुम्हाला सांगावंसं वाटलं. त्या दोघींचा डीएनए जुळत नाही. रक्ताचं काही नातंच नाही.'

त्या दोघी — म्हणजे माझी माय-लेक. तीन हजार वर्षांपूर्वी एका खड्ड्यात निजवलेली बाई, तिच्या कुशीत सहा वर्षांची मुलगी, आणि मुलीचा हात बाईच्या तळव्यात. चोवीस वर्षांपूर्वी उत्खननात मला त्या सापडल्या, मी त्यांच्यावर लेख लिहिला. पाठ्यपुस्तकाच्या मुखपृष्ठावर तेच रेखाचित्र आहे. मला चार लोक ओळखतात ते त्या लेखामुळे.

'बरं झालं सांगितलंस,' म्हणाले. मग चहा केला. दूध घालायचं राहिलं, तसाच प्याले.

५ फेब्रुवारी

दिवसभर कोणाशी बोलले नाही. लिफ्टमधल्या शेजाऱ्याशी धरलं तर तीन शब्द.

९ फेब्रुवारी

विभागप्रमुखांना सांगितलं. ते खुर्चीत रेलले. निवृत्तीला आठ महिने राहिले, आता कशाला विस्तव हातात घेता, म्हणाले. त्या काळी हातमोजे कोण घालत होतं? हाडांना दहा जणांचे हात लागलेत. नमुना दूषित आहे असं कळवा, विषय संपला.

वाट मोकळी आहे. आणि अगदीच खोटी नाही — हातमोजे खरंच नव्हते.

जिना उतरताना हलकं वाटलं. त्याची लाज वाटते, म्हणून लिहून ठेवते.

११ फेब्रुवारी

उघड्या हातांनी काम करतानाचे फोटो पुरावा म्हणून लागतील, म्हणून जुनं कपाट उपसलं. धुळीने शिंकून शिंकून बेजार! तळाशी पहिल्या दिवसाच्या फोटोंचं पाकीट मिळालं. मुलीचा हात तळव्यात नाही. तिच्याच बरगड्यांवर आहे.

मी विसरले होते, असं लिहिणार होते. पण निदान इथे तरी खोटं नको. मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी वाऱ्याने ताडपत्री उडाली आणि तिचा कोपरा त्या हातावरून फिरला. बोटांची हाडं विखुरली, शेंगदाण्याएवढी एकेक. मीच वेचली. आमचा चित्रकार — मागच्या वर्षी गेला बिचारा — पेन्सिल घेऊन खोळंबला होता. 'बाई, हात कुठे दाखवू?'

'तळव्यात,' मी म्हणाले. आणि नेऊन ठेवलाही.

घर सोडून चार महिने झाले होते तेव्हा. माझी लेकही सहाच वर्षांची. तिचे बाबा गेल्यावर उत्खननाच्या एका मोसमापुरती म्हणून तिला नणंदेकडे ठेवली. ती लग्न होईपर्यंत आत्याकडेच राहिली.

१२ फेब्रुवारी

फोटो पाकिटात घातला. कपाटात परत ठेवला नाही.

१८ फेब्रुवारी

ज्या नियतकालिकात लेख आला होता, त्याच्या संपादकांना पत्र लिहिलं. हात मी ठेवला, असं सरळ. सातव्या खेपेला जमलं. आधीच्या सहांत 'अनवधानाने' होतं.

पाठवण्याआधी चिमटीला फोनवर वाचून दाखवलं. डीएनएचं तेवढं कळवलंत तरी भागतंय की, हाताचं कोणाला कळणारही नाही, म्हणाली.

'मला कळतं ना,' म्हटलं.

मग हलकेच तिने उरलेल्या कबरींचे नमुने मागितले. अकराच्या अकरा देते म्हटलं. आता राखून ठेवायचं ते काय?

२ एप्रिल

पत्र छापून आलं. दुपारपर्यंत पुढच्या महिन्यातलं व्याख्यान रद्द — फार अदबीने. पुस्तकवाले मुखपृष्ठ बदलणार आहेत. नऊ वर्षं माझ्याबरोबर डबा खाणाऱ्या बाईंना आज नेमकी मीटिंग होती. एकटीने खाल्ला. पोळी कोरडी झाली होती.

एका अनोळखी विद्यार्थिनीची ईमेल. ते चित्र पाहून मी या विषयाकडे वळले, आता काय समजू? दोनदा उत्तर लिहिलं, दोनदा पुसलं.

२० एप्रिल

लेकीचा वाढदिवस. फोन केला. बरी आहेस ना, असं तिनेच मला विचारलं. आत्या आलीय, नंतर बोलू, म्हणाली. अख्खं एक मिनिट.

नंतर म्हणजे कधी, ते विचारायचं राहिलं.

६ मे

चिमटीचा निकाल आला. मुलीची खरी आई सापडली. नऊ क्रमांकाची कबर. त्याच मातीत, त्या दोघींपासून चार हातांवर, एकटीच पुरलेली बाई. एकटीबद्दल काय लिहायचं, म्हणून तिच्या हाडांची पेटी मी चोवीस वर्षांत कधी उघडलीच नव्हती.

लेकीला फोन लावला. 'काम काही नाही गं. तू बोल, मी ऐकते.'

बराच वेळ ती काही बोलली नाही. पण फोन ठेवला नाही.