खिडकीखालचा पॉइंट

आई, आज नवी गाडी आली. विजेवर चालते. रंग पांढरा, मागे बंद डबा, आणि चालू झाली तरी आवाज असा नाहीच, त्यामुळे गल्लीतली कुत्री अजून तिला गाडी मानायला तयार नाहीत. सरळ पुढ्यात येऊन बसली. तुझ्या वेळी आपले जेवणाचे डबे रिक्षाने जायचे. नंतर मी डिझेलचा टेम्पो घेतला, तो तू पाहिला नाहीस, आणि आता तोही भंगारात गेला, म्हणजे बघ तुला जाऊन किती काळ लोटला. घणसोलीचं घर तेच आहे. पुढचं अंगणही तेवढंच, गाडी उभी राहिली की तुळशीपाशी जायला अंग चोरावं लागतं. स्वयंपाक मात्र आता घरात होत नाही. रबाळ्याला गाळा घेतलाय भाड्याने, तिथे बायका कामाला आहेत, पोळ्यांचं मशीन आहे, आणि डबे पार तळोज्याच्या कारखान्यांपर्यंत जातात. सकाळी आधी मार्केटातून भाजी, मग रबाळे, मग तळोजा आणि परत. ऐकून तू "येवढं पसरायचं कशाला" म्हणाली असतीस, आणि लगेच शेजारणीला जाऊन कौतुकाने सांगितलंही असतंस.

गाडी घ्यायचं ठरवणं सोपं होतं. तिला खायला कुठे घालायचं, हे ठरवण्यात माझा जीव गेला. विकणाऱ्याने आधी मोठाल्या चार्जरची चित्रं दाखवली, तासाभरात बॅटरी भरणारे. त्यांना थ्री फेज लागते, आणि आपल्या गाडीला तसली पिन बसायला जागाच नाही. मग त्याने भिंतीवर टांगायचा मधला चार्जर पुढे केला. तो गाडी स्वतः आत घेऊ शकते त्याच्या दुप्पट वीज देणारा, म्हणजे नाकापेक्षा मोती जड. आपली गाडी रात्रभर सावकाश खाणारी आहे. तिला गीझरला असतो तसला जाड पिनांचा पॉइंट, त्याला मीटरपासून स्वतंत्र वायर, नीट केलेलं अर्थिंग आणि जरा गडबड झाली की आपोआप पडणारा स्विच, एवढं पुरतं. हे सगळं मी चार ठिकाणी विचारून, दोन ठिकाणी भांडून समजून घेतलं. उरला तो जागेचा प्रश्न. घरी, की गाळ्यावर?

इलेक्ट्रिशियन घर बघायला आला तेव्हा त्याने मीटर उघडून पाहिलं, भिंतींवर टकटक केली, आणि शेवटी पुढच्या खोलीत खिडकीखाली उकिडवा बसला. "मॅडम, हा काय, रेडीमेड पॉइंट हाय ना तुमचा! सोळा अ‍ॅम्पियर, मीटरपासून डायरेक्ट. वायर जुनी झालीय, ती चेंज करू, नवा बॉक्स लावू. भिंतीला होल मारला की पलीकडे गाडीच. टेन्शनच नाय." मग जरा वाकून म्हणाला, "पन हे बटन चालूच हाय. काय लावलेलं तर नाय." त्याचा हात पुढे आला होता, तो मी धरला. म्हटलं, असू दे, आणि चार्जिंग इथे नको. का नको, तर मी त्याला पावसाचं पाणी सांगितलं, वायरला ठेच लागेल म्हटलं, घरातल्या लहान मुलांचं नाव पुढे केलं. घरात मी एकटी राहते हे त्याला दिसत होतं. वडाची साल पिंपळाला लावण्यात मी तशी हुशार आहे, पण त्या दिवशी तेही धड जमलं नाही.

तो पॉइंट तू घेतला होतास. बाबा गेले, तू डबे सुरू केलेस, आणि पहिल्या कमाईत सोनं नाही, साडी नाही, ग्राइंडरसाठी खिडकीखाली पॉवर पॉइंट बसवून घेतलास, कारण वाटण वाटताना तुला वारा हवा असायचा. पण तेव्हाचं आपलं मीटर अगदीच लहानखुरं. ग्राइंडर आणि गीझर, गीझर आणि इस्त्री, काहीही जोडीने चाललं की फ्यूज उडायचा. म्हणून घरात नियम होता, मोठं काही लावायच्या आधी ओरडायचं. तू "लावती गं!" म्हणायचीस, मी आतून "लाव!" म्हणायचे. मी "लावते गं!" म्हणायचे, तुझं "लाव!" आलं की मगच बटण. कधी तू "थांब जरा" म्हणायचीस आणि मी बटणावर बोट ठेवून ताटकळत उभी. शेजारपाजारचे हसायचे आपल्याला. आपल्याला त्याचं काही वाटत नसे.

एकदाच मी न ओरडता इस्त्री लावली. शाळेत स्नेहसंमेलन होतं आणि मला घाई झाली होती. फ्यूज गेला. तू स्टुलावर उभी राहून तार बदलतेस, ग्राइंडरमध्ये अर्धी डाळ तशीच, डबे उशिरा निघतात, आणि रिक्षावाला परत येऊन सांगतो की एक कामगार कारखान्याच्या गेटवर वाट बघून बघून उपाशीच पाळीला आत गेला. तू मला मारलं नाहीस. चुरगळलेला फ्रॉक माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, "वीज काय तुझ्या एकटीची हाय? घरात दुसरं कोन काय करतंय, येवढं इचारायचं मानसानं." मी तशीच चुरगळलेल्या फ्रॉकात गेले. त्या कामगाराला मी कधी पाहिलंही नव्हतं, पण नाचताना, जेवताना, सारखा तोच डोळ्यांसमोर. दुसऱ्या दिवशी तू त्याच्या डब्यात जास्तीची भाकरी घातलीस.

मग तुझं छातीचं दुखणं. ऑक्सिजनचं मशीन भाड्याने आलं, तुझी खाट खिडकीपाशी आली, आणि मशीन त्याच पॉइंटवर लागलं, कारण घरात माझा भरवसा असलेली ती एकच वायर. तोवर मीटर मोठं झालं होतं. मशीन फारशी वीजही खात नाही, हे ते आणणाऱ्या माणसाने दोनदा सांगितलं होतं. तरी मी मिक्सर लावण्याआधी स्वयंपाकघरातून ओरडायचेच, "लावते गं!" आणि तू, नाकात नळी, बोलायला दम नाही, तरी "लाव" म्हणायचीस. मी म्हटलं, बोलू नकोस गं, धाप लागते. तर तू हातातलं तांब्याचं कडं खाटेच्या लोखंडी दांड्यावर वाजवायला लागलीस. टिक टिक. म्हणजे लाव. एका सकाळी मी खोबरं-मिरची मिक्सरमध्ये घालते आणि म्हणते, "लावते गं!" काही वाजत नाही. वाटतं, ऐकू गेलं नसेल. पुन्हा म्हणते, जरा मोठ्याने. बाहेरच्या खोलीत मशीन घुमतंय, अगदी व्यवस्थित चाललंय. माझं बोट मिक्सरच्या बटणावर. तशी मी किती वेळ उभी होते, मला सांगता येणार नाही. बाहेर यायचंच नव्हतं मला, आई. मी येऊन बघेपर्यंत तरी तू होतीस. त्या दिवशी डबे गेले नाहीत.

मशीन न्यायला आलेल्या माणसांनी पिन ओढून काढली, पण बटण बंद करायचं ते विसरले. मीही केलं नाही. आधी काही दिवस हात धजावला नाही, मग वर्षं गेली. रंगारी आले तेव्हा त्यांना दम भरला की तिथे ब्रश लावायचा नाही. लावताना आपण एकमेकींना विचारायचो. बंद करताना कुणाला विचारायचं, हे आपलं कधी ठरलंच नव्हतं. लोकांना सांगितलं तर हसतील, म्हणून कुणाला सांगितलं नाही.

तर मी चार्जिंग गाळ्यावरच करायचं ठरवलं. इलेक्ट्रिशियनने समजावून पाहिलं. "दिवसा तिकडे पोळ्यांचं मशीन, ग्राइंडर, एक्झॉस्ट, सगळं चालू असतं मॅडम. चार्जिंग रात्रीच करायला लागेल. आणि रात्री गाळ्यावर कोन असतं?" कुणीच नसतं. गाडी शटरच्या आत मावत नाही, आणि बाहेर वायर सोडून यायची तर सकाळी ती जागेवर सापडेल याची खात्री नाही. तेव्हा आपला ड्रायव्हर म्हणाला, "ताई, मी झोपतो की गाळ्यावर. त्यात काय येवढं." तो साताऱ्याकडचा, आपल्याच मागच्या गल्लीत राहतो. नाही म्हणणं त्याला ठाऊक नाही. मी लगेच हो म्हटलं. सुटले एकदाची, असं वाटलं.

परवा तो वळकटी खांद्यावर घेऊन आला, गाळ्यावर ठेवायला. किल्ली देता देता मी सहज विचारलं, घरी काही अडचण नाही ना? "न्हाई ओ ताई. म्हातारीला आनलंय गावाकडनं, तेवढंच. रातचं उठताना तिला धराया लागतंय. मंडळी करतील की. पन म्हातारी माझ्याच नावानं हाका मारती. दुसऱ्या कुनी ओ दिल्याली चालत न्हाई तिला." हसतच सांगत होता तो. माझी किल्ली हातातच राहिली. एकदम तो चुरगळलेला फ्रॉक आठवला. घरात दुसरं कोण काय करतंय एवढं विचारायचं माणसाने, आणि मी विचारत होते ते वळकटी दारात आल्यावर. तू गेलीस त्या खोलीतलं एक बटण जपायला मी त्याच्या आईला रात्रभर हाका मारत ठेवणार होते. मला स्वतःची लाज वाटली. किल्ली पर्समध्ये टाकली आणि त्याला म्हटलं, वळकटी घरी ने. गाडी आपल्या अंगणात लागेल.

आज दुपारी इलेक्ट्रिशियन आला. वीज कंपनीकडून मीटरचं लोड वाढवून घ्यायचं काम आधीच झालं होतं. चार्जिंग गाळ्यावर करायचं तर घरचं लोड मी कशाला वाढवून ठेवलं होतं, ते विचारू नकोस. त्याने अवजारं काढली तेव्हा मी थांबा म्हटलं, खिडकीखाली बसले आणि ते बटण स्वतः बंद केलं. नुसतं खट्. मग मी त्याच्यासमोरच रडले. तो बिचारा "पानी आनू का मॅडम, पानी आनू का" करत उभा. पाणी आणून देऊन तो कामाला लागला. जुना बोर्ड निघाला, पाइपातून नवी वायर आली, भिंतीला भोक पडलं. अर्थिंगचा खड्डा तुळशीच्या पलीकडे घेतला. तुझी खाट होती तिथे विटांचा लाल भुगा पडला होता, तो मी दोनदा पुसला.

दिवेलागणीला ड्रायव्हरने गाडी अंगणात लावली. तो बाहेर, वायर गाडीत खोचून उभा. मी आत, नव्या बटणापाशी. कसं झालं कळलं नाही, तोंडातून निघून गेलं, "लावते गं!" बाहेरून आवाज आला, "लावा, ताई!" त्याला बिचाऱ्याला काय माहीत. गाडीत हिरवा दिवा लागला तसा तो खूश होऊन घरी गेला, त्याची म्हातारी वाट बघत असेल. गाडी आता खातेय, सावकाश. सकाळी मार्केटला जायला तयार असेल.

हे पत्र घालायला पेटी नाही. घडी करून खिडकीत ठेवते, पुढचं पुढे. एकच सांगायचं राहिलं. त्याने "लावा" म्हटलं ना, तरी मी लगेच लावलं नाही. थोडी थांबले होते, आई. कडं वाजतंय का, ऐकत होते.