कुलूप होतं म्हणून

प्रिय आई,

आणि काल तू जे बोलली ना, ते मी विसरणार नाहीये. ‘तसेही ते कोणते मत द्यायला येणार होते!’ एवढं म्हणून तू कुकर लावला. विषय संपला. तोंडाने बोललं की आपलं भांडणच होतं, म्हणून हे लिहून राहिली आहे, तुझ्या शाळेच्या पिशवीत ठेवेन. माझी इंग्लिश मीडियमची मराठी आहे, लाल पेन घेऊन बसू नको प्लीज.

रविवारी काय झालं ते तू पूर्ण ऐकलंच नाही. मी आणि माझा कॉलेजचा मित्र अपूर्व आपल्या लेआउटच्या मंदिरात दर रविवारी वॉर्डाची बैठक घेतो, त्याला आता दोन महिने झाले. आतापर्यंत फक्त समोरच्या बंगल्यांतले लोक यायचे, पार्किंग आणि कुत्र्यांवर भांडायचे. या वेळी आम्ही मुद्दाम बुटीबोरीच्या कंपन्यांची बस आल्यावरची वेळ ठेवली, म्हणून मागच्या खोल्यांच्या लाईनमधले भाडेकरू पहिल्यांदा आले. मी पुठ्ठ्याचं मतदानाचं मशीन केलं होतं. बटन दाबा, लाईट बघा, बीप ऐका. फार उत्साहात होती मी. तेवढ्यात यमुताई उठल्या. चार नंबरच्या खोलीतल्या, धाग्याच्या कंपनीत पॅकिंग करतात त्या. म्हणाल्या, “काहून वं पोरी, बटन कसं दाबायचं ते तू मले शिकवून राहिली? कंपनीत एवढी मोठी मशीन चालवतो मी. माझं नाव कुठं गेलं, ते सांग ना!”

सगळे हसले. मीही हसली. मग अपूर्वने मोबाईलवर मतदार यादीतून वगळलेल्या नावांची यादी उघडली आणि हसणं बंद झालं. एकतीस नावं, आई. पूर्ण मागची लाईन. प्रत्येकासमोर एकच कारण, कायमचे स्थलांतरित. एक काका म्हणाले, “मंग आत्ता इथं कोन उभं हाये, आमचं भूत?”

मला तिथेच कळलं होतं, हे आपल्याच घरातून झालं. मागच्या महिन्यात त्या शनिवारी दुपारी तू पोपटीच्या शेंगा सोलत होती आणि तुझा फोन माझ्या हातात होता, कारण मतदार यादीच्या ड्यूटीचं ते इंग्लिश ॲप तुला वैताग आणतं. तू डायरीतून वाचत होती. रूम चार, कुलूप. रूम पाच, कुलूप. मधेच तू विचारलं, “कुलपाचं काही आहे का गं त्यात?” नव्हतं. मृत, दुबार, शिफ्टेड, एवढंच होतं. मी किती कॉन्फिडन्समध्ये म्हणाली, “शिफ्टेडच टाकते.” तू म्हणाली, “टाक बाई, संपव.” तीन वेळा जायचं होतं तुला. तू एकदाच गेली, बुधवारी अकरा वाजता, सगळे कंपनीत असताना. आणि डायरीत तीन तारखा लिहिल्या.

मला माहीत आहे, अकराशे नावं, चौथीचा वर्ग, वरून हेडमास्तरांची नोटीस. त्यांचाही राग आहे मला, खूप आहे. पण तुझ्या वर्गातलं एखादं पोर आठ दिवस आलं नाही तर तू त्याचं नाव कापते का? घरी माणूस पाठवते. स्वतः जाते. मग या लोकांचं काहून कापलं?

तुझं नाव कुठे येऊ नये म्हणून मी आणि अपूर्वने आठवडाभर गुपचूप नवीन फॉर्म भरले. नऊ झाले फक्त. खोलीमालक मनोहरराव भाड्याचा एक कागद द्यायला तयार नाहीत, आणि कंपनीत सुटी मागितली की दिवस कापतात. सोमवारी हरकतींची शेवटची तारीख आहे. ऑफिसमधल्या मॅडमने सांगितलं, ड्यूटीवालीनेच लिहून दिलं की घरं बंद होती, भेट झालीच नाही, तर एकतीसही नावं एकत्र परत येतील. नळाची नवीन लाईन समोरच्या रोडपर्यंतच येऊन राहिली आहे. मागेही द्या म्हटलं तर निवडणुकीला उभा राहणारा एक जण सरळ विचारतो, “मागे मतं किती?” आता काय सांगायचं त्याला? शून्य?

म्हणून अर्ज लिहिला आहे, या पत्राच्या मागे लावला आहे. एकदाच भेट दिली, कुलूप होतं, नोंद चुकीची झाली, एवढंच. नोंद मी केली हेही लिहिलं आहे, खाली माझी सही आहे. तुझ्या सहीची जागा रिकामी आहे. रिटायरमेंटला दोन वर्षं राहिली, चौकशी लागू शकते, सगळं माहीत आहे. मलाही भीती वाटून राहिली आहे. पण तू सही नाही केली तर सोमवारी मी एकटी जाऊन हा अर्ज देणार. मग ते तुला सुनावणीला बोलावतील, आणि यमुताईंसमोर तुला विचारतील. मला ते बघायचं नाहीये, आई. रागात लिहिलं, पण खोटं एक अक्षर नाही. तूच सांग आता, मी चुकून राहिली आहे का?

तुझीच,
भैरवी