उजव्या बुटाची आतली कड

९ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. आम्ही सगळे खुशाल, तूही असशील असं धरून लिहितो. सहा वर्षांत माझ्या एकाही पत्राला तुझं उत्तर नाही, पण दोन्ही बाळंतपणांत तुझ्या हातची झबली आली. म्हणजे पत्रं पोचतात.

बातमी अशी, की ढब्बू चालला! तेरा महिन्यांना चार दिवस कमी. काल मी दुकानातून येऊन बुटाच्या नाड्या सोडत होतो, तेवढ्यात हा पलंगाचा पाय सोडून माझ्याकडे निघाला. साडेतीन पावलं टाकली. चौथं उचललं आणि कुठे ठेवायचं तेच विसरला, म्हणून बसला. बायको म्हणाली, "चार लिहा की, ताई काय मोजायला येणार आहेत?" पण जन्म मापाच्या धंद्यात गेला, खोटं माप हातून जात नाही. तळवे इतके गुबगुबीत आहेत की मधली कमान औषधालाही नाही. माझ्यासारख्या बूट करणाऱ्याने अशा पायाला काय करावं, तर नुसतं बघत बसावं. मी तासभर तेच केलं.

मी टाळ्या पिटल्या तर थोरली माझ्यावरच डाफरली. "बाबा, टाळ्या नको, तो दचकतो." हिला आम्ही मुकादम म्हणतो. साडेचार वर्षांची आहे, पण हाताखाली दहा माणसं असल्यासारखी वावरते. बालवाडीत पहिल्याच आठवड्यात बाईंना म्हणाली, "तुम्ही बसा जरा, मी बघते मुलांकडे." बाई बसल्या म्हणे.

तिच्या उजव्या बुटाचं जरा काम निघालंय. असो, ते माझं मी बघेन.

ढब्बूला बघायला ये, असं लिहिणार होतो. लिहीत नाही. पण बघण्यासारखा आहे एवढं खरं.

तुझा,
धाकटा


१७ फेब्रुवारी

ती. ताईस,

आठवडाभरात दुसरं पत्र पाहून दचकू नकोस. सगळे धडधाकट आहेत. ढब्बू आता स्वयंपाकघरापर्यंत जातो, वाटेत भिंतीला विश्रांती देत देत. काल त्याने माझा हातोडा पळवला आणि पिठाच्या डब्यात लपवला. चोर पांढऱ्या हातांनीच सापडला.

पण लिहायचं ते वेगळंच आहे. मागच्या पत्रात "असो" म्हणून टाळलं होतं.

तुला ठाऊक आहे, मला माणूस तळव्यावरून कळतो. बूट उलटा केला की तो कसा चालतो ते समजतं. पंधरा दिवसांपूर्वी मुकादमचे बूट पुसायला घेतले आणि उलटे केले. डावा जसाच्या तसा होता, उजवा आतल्या कडेने पार झिजलेला. पाय ओढल्यावर झिजतो तसा. ताई, तुझी उजवी चप्पल अशीच झिजायची.

मी देवाला म्हणालो, काहीही कर, पण पोरीला ताईसारखं करू नकोस. हे मी तुझ्याविषयी म्हणालो. कुणी ऐकलं नाही, पण मी ऐकलं.

बायकोला न सांगता मुकादमला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तिला चालवलं, पळवलं, टेप लावून दोन्ही पाय मोजले. "पाय समान आहेत, डोकं मात्र तुमचं तपासायला हवं," म्हणाल्या. मला खरं वाटेना. बूट खोटं बोलत नाही.

मग परवा चामडं कापायची रापी घरी विसरलो, म्हणून भर दुपारी परत आलो. दार उघडंच होतं. बोळकांडीत ढब्बू भिंतीला धरून चालत होता. मुकादम बालवाडीचे बूट न काढताच त्याच्या बाजूला कमरेत वाकून, त्याचा हात धरून, खेकड्यासारखी आडवी सरकत होती. डावा पाय टाकायची आणि उजवा मागून घासत आणायची. तो थांबला की ही थांबायची.

बायको म्हणाली, "दोन महिने हेच चाललंय. तुम्ही दुपारी घरी असता कधी?"

मी मुकादमला विचारलं, "अगं, सरळ पुढे का नाही चालत?"

"पुढे गेले की तो खाली बसतो," ती म्हणाली. "मग उचलणार कोण, तुम्ही?"

ताई, मी आत जाऊन रडलो. शाळेच्या रस्त्यावर मी तुझ्यापुढे दहा पावलं चालायचो, पोरांना कळू नये म्हणून की तू माझी बहीण. तू कधी हाक मारली नाहीस. आणि माझ्या लग्नात, बायकोकडची माणसं आली तेव्हा तुझ्या कानात म्हणालो, "तू बसूनच राहा." तू उठलीस, सगळ्यांसमोरून चालत दाराबाहेर गेलीस, आणि मी मागे आलो नाही. गर्दी होती असं सहा वर्षं स्वतःला सांगत होतो. गर्दी नव्हती. मला लाज वाटत होती. माझं चुकलं, ताई.

पंधरा वर्षं गावाला बूट घालतोय आणि तुझ्या पायाला एकदा हात लावला नाही. दोन कागद घे, एकेक पाऊल ठेव आणि पेन्सिलीने भोवती रेघ मारून पाठव. दुसरं काही लिहू नकोस, मला बोल लावायचे असले तरी ते नंतर लाव. फक्त माप दे.

तुझा अपराधी,
धाकटा


४ मार्च

ताई,

आलं! लिफाफा पोस्टमनच्या हातातून मुकादमनेच ओढून घेतला. दोन्ही कागद जमिनीवर पसरले आणि एकेका रेघेत स्वतःचा पाय ठेवून बघितला. म्हणाली, "आत्याचा एक पाय मोठा झालाय. दुसरा अजून व्हायचाय." मी म्हटलं, हो. तिने थोडा विचार केला आणि फर्मावलं, "मग आत्याला ढब्बूच्या बाजूने चालू दे. त्याला घाई नसते."

तेवढ्यात ढब्बू डाव्या कागदावर बसला. त्यामुळे खाली तू लिहिलेली ओळ मला जरा उशिराच दिसली. "बूट पाठवू नकोस. घालून बघायला मी येते."

मी ती मोठ्याने वाचली. बायकोने पुन्हा वाचायला लावली. मग आम्ही चौघं उगाचच घरभर फिरलो.

उजव्याचा तळ अडीच बोटं वाढवतोय, आत हलका बूच घालून, म्हणजे जड होणार नाही. टाचेला रबर लावतोय. शिलाई कच्चीच ठेवली आहे, पक्की तुझ्या पायावर करीन. गाडी कुठली ते कळव. स्टेशनापासून घर वीस मिनिटांवर आहे. आपल्याला तासभर लागला तर लागू दे. भर बाजारातूनच येऊ.

मुकादमने सांगून ठेवलंय, आत्याचा एक हात तिचा. दुसरा मी मागून घेतला आहे.

तुझ्या शेजारून चालणारा,
तुझा भाऊ