एक शिंग सोनेरी

सालईखोरी,
१२ ऑगस्ट २०२५

सुलोचनाबाई विहीणबाईंना जिजाबाईचा सप्रेम जय भीम.

तुम्ही, मोनाली, विवेक सगळे बरे असाल. समूचा खोकला थांबला का ते कळवा. मी ठीक आहे.

पत्र पाहून तुम्हाला नवल वाटेल. घरात फोन असताना ही बाई कागद कशाला काळे करते, असं म्हणाल. तुमचा फोन, विहीणबाई, कायम स्पीकरवर असतो. मी नुसतं 'कशा आहात' म्हटलं की मागून कुकरची शिट्टी, टीव्ही आणि तुमच्या शेजारणीचं 'कोण, गावची आजी का?' एवढं सगळं ऐकू येतं. एवढ्या बाजारात मनातलं बोलता येत नाही. अश्वजित सर रोज तुमच्या पिपरी मेघेहून आमच्या शाळेत मोटारसायकलनं ये-जा करतात, त्यांच्या हातून हे देते. वाचून झालं की मोनालीला दाखवू नका.

आमच्याकडे पाऊस बरा आहे. तिन्ही बाजूंचे डोंगर हिरवे झालेत आणि खोऱ्यातलं धुकं शाळेची घंटा होईपर्यंत हलत नाही. वाघीण पिल्लं घेऊन कालव्याच्या अंगाला फिरते म्हणतात, म्हणून शेतातली माणसं उजेड असतानाच परततात. त्यामुळे वाचनालयात कॅरमला सध्या जत्रा असते. कॅरमची राणी अजूनही माझ्याशिवाय कोणाला सहज सापडत नाही. शाळेतली खिचडी मी आणि अंजू उईके मिळून करतो. पोरगी डोंगराकडच्या वस्तीवरून पायी येते, हाताला चटपटीत आहे. पंधरा ऑगस्टला पोरांना बुंदी द्यायचं ठरलं आहे.

तुम्ही दर वेळी म्हणता, 'जिजाबाई, एकट्या काय करता तिथं?' त्याचं उत्तर वर लिहिलं ते आहे. समू झाली तेव्हा मी महिनाभर तुमच्या गल्लीत राहून पाहिलं. मोनालीला नोकरीवर जायचं होतं, ती म्हणालीही, 'आई, इथंच राहा.' पण तिकडे भिंतीला भिंत लागून घरं आणि दुपारभर दारं बंद. हात मांडीवर ठेवून बसणं मला जमलं नाही. मीच परत आले. हे गाव, ही चूल, हा कॅरम मला सोडवत नाही, आणि समू तुमच्या ओटीत गेली हेही सोसवत नाही. एका बाईला दोन्ही पाहिजे असणं बरं नाही, पण मला पाहिजे.

विवेकनं दुरुस्तीला आणून दिलेल्या समूच्या लाकडी नंदीचं म्हणाल तर चाक अजून व्हायचं आहे. रूपराव मिस्त्री लेकीकडे गिरडला गेलेत. आले की बसवतील. तुम्ही काल फोनवर म्हणालात, 'पोळा तोंडावर आला, समू रोज विचारते.' विचारू द्या. लेकरांना थोडी वाट पाहायची सवय असावी.

त्या नंदीबद्दल मी तुमच्याशी कधी धड बोलले नाही, आज बोलते. विवेकच्या बाबांनी तो त्याच्या पहिल्या तान्ह्या पोळ्याला सागाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून घडवला होता. विवेकला तेव्हा दात येत होते. नंदीचं उजवं शिंग तो तोंडातून सोडत नसे. त्याच्या दातांच्या खुणा त्या शिंगावर पक्क्या बसल्या होत्या. त्याचे बाबा गेल्यावर मी कधीमधी त्यावरून बोट फिरवून पाहायची. समू दीड वर्षाची झाली तेव्हा मी तो नंदी तिच्याकडे पाठवला. वाटलं, मी नाही तर निदान माझ्या घरचं काहीतरी तिच्याजवळ असावं.

आणि तुम्ही त्याला ऑइलपेंट दिला.

तुमच्या मनात वाईट नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. जुनं लाकूड दिसलं, नातीसाठी चकाचक करून दिलं. अंग पांढरंशुभ्र, शिंगं सोनेरी, गळ्यात घुंगरं. मागच्या वर्षी तुमच्या लेआउटच्या तान्ह्या पोळ्यात त्याचा पहिला नंबर आला. घरच्या ग्रुपवर फोटो आला, खाली विवेकनं लिहिलं, 'समू आणि आजीचा नंदी.' आजी म्हणजे तुम्ही. मी खाली अंगठा पाठवला. दुसऱ्या दिवशी खिचडी तोंडात घालवेना. अंजू म्हणाली, "काकू, आज तुमी दोनदा मीठ टाकलं." पोरांना दही आणून घालावं लागलं.

माझ्या पोटात दुखतं, विहीणबाई. तुमच्या मांडीवर ती बसते तेव्हा दुखतं, तुम्ही तिचे केस विंचरता तेव्हा दुखतं. दिवाळीत ती इथं आली आणि अंथरुणावर पडल्यावर 'आजी पाहिजे, आजी पाहिजे' म्हणून रडायला लागली. मी तिच्या उशाशी बसले होते. विवेकला खाली मान घालून तुम्हाला फोन लावावा लागला. तुम्ही फोनवर काहीबाही गुणगुणलात आणि ती झोपली. फोन मी धरून होते.

आमच्या गावचा तान्हा पोळा तुम्ही पाहिलेला नाही. आपण पूजाअर्चा करत नाही, तरी लेकरांचा हा खेळ आपल्या वस्तीनं कधी सोडला नाही. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीपुढे तोरण बांधतात. तोरण तुटलं की सगळी पोरं लाकडाचे नंदी ओढत घरोघर बोजारा मागायला सुटतात. मी दारात खुर्ची टाकून बसते. चॉकलेट, सुटी नाणी, मुरमुऱ्याचे लाडू, काय असेल ते बोजारा म्हणून गावच्या सगळ्या नातवांच्या हातावर ठेवते. मागच्या वर्षी समोरच्या पुनाजीभाऊंनी विचारलं, "जिजाबाई, तुयी नात काऊन नाई आली?" मी म्हटलं, "तिले ताप आला." ताप कसला, ती तिकडे बक्षीस घेत होती.

एवढंच पाहिजे मला. समूनं एकदा माझ्या दाराशी नंदी आणावा आणि माझ्याकडे हात पसरून म्हणावं, 'आजी, बोजारा.'

आता खरं लिहिते. रूपराव गिरडला गेलेले नाहीत. बिचारे रोज माझ्या दारावरून जातात आणि 'चाक बरं चालते का' म्हणून विचारतात. वरचं खोडत नाही, खोडलं तर तुम्ही उजेडाला धरून वाचालच.

विवेकनं नंदी आणून दिला त्याच आठवड्यात चाक बसलं होतं. चाक बसवून झाल्यावर रूपराव म्हणाले, "बाई, हा रंग बी खरडून देऊ का? अंदर साग हाये, झकास दिसन." मी जणू कोणी हे विचारण्याचीच वाट पाहत होते. म्हटलं, "द्या खरडून. पयले शिंगं घ्या." उजव्या शिंगाचा सोनेरी रंग निघाला आणि विवेकचे दात होते तसे वर आले. मी रूपरावांना दोनदा चहा पाजला. लेकाचे दात सापडल्याचा आनंद होताच, पण तुमच्या रंगाची पुटं निघाली याचा जास्त होता.

मग त्यांनी डावं शिंग हातात धरलं आणि थांबले. म्हणाले, "हे पाहा न बाई. इथं बी कोनी चावलं हाये. रंगाच्या वरून."

मी चष्मा लावून पाहिलं. बारीक बारीक खुणा, तांदळाच्या दाण्याएवढ्या. समूच्या. तुम्ही दिलेल्या रंगात उमटलेल्या. बाप उजवं शिंग चावत होता, लेक डावं. तुम्हाला तरी हे माहीत होतं का? मी रूपरावांना म्हटलं, "राहू द्या. ते नका खरडू."

तेव्हापासून नंदी माझ्या पलंगाखाली आहे. एक शिंग लाकडाचं, एक सोनेरी. सगळा रंग काढावा तर नातीचे दात जातात, पुन्हा लावावा तर लेकाचे बुजतात. आणि समूनं 'माझ्या नंदीचं शिंग कोणी खराब केलं' म्हणून विचारलं तर मी कोणत्या तोंडानं सांगणार? म्हणून चाक व्हायचं राहिलं.

तरी परवा रविवारी मी नंदी पिशवीत घालून निघाले होते. हे विवेकलाही ठाऊक नाही. ठरवून आले होते, शिंगाचं रूपरावांच्या हातून झालं असं सांगायचं. त्यांच्या नावावर एवढं खपवलं, त्यात आणखी एक. ऑटोतून तुमच्या फाटकाशी उतरले तर पोर्चमधून समूचा आवाज आला. मी मेंदीच्या कुंपणाआडून पाहिलं.

तुम्ही फरशीवर हातापायांवर होता. गळ्यात ओढणी, ओढणीचं टोक समूच्या मुठीत. कपाळाला रुमाल आणि त्यात खोचलेले वाढायचे दोन डाव, शिंगं म्हणून. समू म्हणत होती, "चल ना नंदी, अजून खूप घरं बाकी आहेत." तहसिलीत नोकरीला असताना ज्या बाईसमोर सरपंच उभे राहायचे, जिला डॉक्टरनं खाली बसायचीसुद्धा बंदी केली आहे, ती बाई हंबरत पोर्चभर फिरत होती. फिरत फिरत तुम्ही तुमच्या त्या शेवंतीच्या कुंडीपाशी थांबलात. समूनं कुंडीपुढे हात पसरला आणि म्हणाली, "गावच्या आजी, बोजारा द्या."

आणि तुम्ही बैलाच्या जागेवरूनच म्हणालात, "असं नाही राणी. आधी जय भीम कर. गावची आजी फार कडक आहे."

समूनं कुंडीला जय भीम केला.

मला त्या वेळी रडू आलं असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण आलं नाही. राग आला. नंदी दडवून मी समजत होते की तुमचा पोळा माझ्या पलंगाखाली अडकला. तुम्ही तर नंदीशिवायच पोळा करत होता. तुम्ही नुसत्या वस्तू घेऊन देणाऱ्या असता तर मी तुमचा हेवा आयुष्यभर सुखानं केला असता. पण तुम्ही त्या दुखऱ्या गुडघ्यांवर माझ्या दारापर्यंत येत होता, आणि माझ्या दारात माझ्याऐवजी कुंडी होती. ती कुंडी मीच तिथं ठेवली, हे मला त्या कुंपणाआड कळलं आणि त्याचाही राग आला.

फाटक वाजवलं नाही. परतीच्या बसमध्ये शेजारच्या बाईनं पिशवीतून डोकावणारं शिंग पाहून विचारलं, "पोळ्याले नातीकडं चालल्या का?" मी हो म्हटलं. बस सालईखोरीकडे निघालेली होती.

दोन दिवस विचार केला आणि हे लिहायला बसले. आता मागणं मागते. या वर्षी तान्ह्या पोळ्याला समूला इकडे पाठवा. तुमच्या लेआउटचा पहिला नंबर एक वर्ष दुसऱ्या कोणाला मिळू द्या. नंदी मी पाठवत नाही, तो इथंच आहे आणि चाक पक्कं आहे. शिंगांचं मी समूला सांगेन. हे तुझ्या बाबाचं, हे तुझं. रंग कोणी दिला तेही सांगेन, आणि तो कोणी काढला तेही.

ती तुमच्याशिवाय झोपत नाही. म्हणून तुम्हीही या.

मनापासून बोलावते असं लिहवत नाही. अर्ध्या मनानं बोलावते, उरलेल्या अर्ध्याचं तुम्ही आल्यावर पाहू. पलंग तुम्हाला, मी खाली झोपेन. रात्री तिला जे गुणगुणून झोपवता ते जरा मोठ्यानं म्हणा, मला शिकायचं आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी वाचनालयात चला, कॅरममध्ये मी तुम्हाला हरवणार आहे आणि त्यात काही दयामाया होणार नाही.

एकच अट आहे. तोरण तुटलं की पहिलं घर माझं. मग तुम्ही दोघी गावभर फिरा. मी खुर्ची टाकून दारात बसते. लाडू दोघींचे ठेवते, एक समूचा आणि एक तिच्या नंदीचा. परवा पोर्चमध्ये फिरला त्या नंदीचा.

चूकभूल द्यावी घ्यावी असं लिहायची पद्धत आहे, पण चुका मी वर लिहिल्याच आहेत. विवेकला आणि मोनालीला आशीर्वाद. समूचा एक पापा माझ्या वाटचा घ्या, आणि माझ्याच वाटचा घ्या.

दारात बसलेली,
गावची आजी
जिजाबाई