उत्तराची अपेक्षा नसलेले तीन प्रश्न

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे असं पहिल्या ओळीत लिहायचं असतं म्हणून लिहिलं. खरं मानू नकोस. तुझा गुडघा कसा आहे? भावजींचा खोकला? (दोन्ही बरे असतील असं धरून पुढे जातो, मला धीर निघत नाहीये.)

ताई, मी पुरता हादरलोय. तुला ठाऊकच आहे, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तळघरातल्या दप्तरखान्यात मी अकरा वर्षं बसतोय. भिंतींना ओल, फायलींना बुरशी आणि मला शिंका. वरच्या मजल्यावर खिडकीपाशी एक टेबल रिकामं झालं, तेव्हा वाटलं, अर्ज करावा. मोठे साहेब वाचतात फक्त इंग्रजी. म्हणून शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत दर रविवारी भरणाऱ्या इंग्रजी लेखनाच्या वर्गाला नाव घातलं. (वर्गात मी सोडून सगळे विशीतले. पहिल्या दिवशी मला पाहून सगळे उठून उभे राहिले, त्यांना मीच गुरुजी वाटलो.)

खरे गुरुजी म्हणजे एक निवृत्त मुद्रितशोधक. त्यांचं म्हणणं, इंग्रजीत नुसतं मागायचं नाही, वाचणाऱ्याला गदगदा हलवायचं. एक गोष्ट तीनदा सांगायची. दुःख असेल त्याच्या दसपट करायचं. उत्तराची अपेक्षा न ठेवता प्रश्न विचारायचे, म्हणजे वाचणाऱ्याच्या काळजाला घरं पडतात. आणि मुद्दा लांबलचक वाक्याच्या अगदी टोकाला ठेवायचा, तोवर त्याने श्वास रोखून धरायचा. मी हे सगळं केलं. माझं शेवटचं वाक्य दीड पान चाललं, आणि त्याच्या शेपटाला खिडकीपाशी बसवण्याची विनंती टांगली.

आता आमच्या कचेरीची रीत ऐक. आलेल्या पत्रातला प्रत्येक प्रश्न आवक कारकून वेगळा काढतो, त्याला क्रमांक देतो आणि त्या त्या शाखेकडे पाठवतो. सात दिवसांत लेखी उत्तर द्यावंच लागतं. बाकीचं पत्र कुणी वाचत नाही. प्रश्नच नसेल, तर मात्र पत्र तसंच साहेबांपुढे जातं. (हे मला ठाऊक होतं, ताई. अकरा वर्षं ती उत्तरं मीच फायलीला लावतोय. तरी माझी अक्कल शिंप्याकडेच राहिली!)

पहिला प्रश्न होता, या अंधारात माणसाने किती काळ काढायचा? आस्थापना शाखेने कळवलं, सेवानिवृत्तीपर्यंत, म्हणजे सहा वर्षे दोन महिने. दुसरा, माझा श्वास कोणाच्या मालकीचा? विधी शाखा म्हणते, बाब या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही. तिसरा माझा सगळ्यात लाडका. मी उद्या नसलो तर कोणाला उणीव भासेल? तो नऊ शाखांत फिरला. आठ शाखांनी लिहिलं, ‘निरंक’. कँटीनने लिहिलं, ‘एक चहा कमी लागेल.’

मी तो कागद हातात धरून जिन्यातच बसलो. खूप वाईट वाटलं, ताई. ‘निरंक’ लिहिणाऱ्यांतला एकजण रोज माझ्या डब्यातलं खातो.

पण खरा धक्का पुढेच. कोणालाच उणीव भासणार नाही हे आता लेखी सिद्ध झाल्यामुळे माझी जागा महिनाअखेर रद्द करायची ठरली आहे. हरकत असल्यास शुक्रवारपर्यंत कळवायची. मी धावत गुरुजींकडे गेलो. त्यांनी माझा अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, “वाक्यरचना निर्दोष आहे.”

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि मला जमल्यास दोन्ही.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. खरं काम हे. तू जन्मभर तारघरात इंग्रजी तारा पाठवत होतीस, तुला मोजक्या शब्दांत लिहिता येतं. हरकतीच्या दोन सरळ ओळी उलट टपाली पाठव. मी चारदा बसलो आणि चारही वेळा प्रश्नच लिहिला.

ता. क. दुसरा. हे पत्र मघाशी तुझ्या भावजयीने वाचलं. ती औषधांच्या दुकानात डब्यांवर ‘दिवसातून दोनदा, जेवणानंतर’ असलं लिहिते. तिने उभ्या उभ्या लिहिलं, ‘मला नोकरी हवी आहे. टेबल खिडकीपाशी हवं.’ तेच इंग्रजीत करून आवक कारकुनाच्या हातात ठेवून ती आलीसुद्धा. तेव्हा त्या दोन ओळी आता नकोत.

पत्र मात्र पाठव. त्यात काहीही लिही, फक्त निरंक लिहू नकोस.