सुनेची सही

सोमवार, १ सप्टेंबर
घेतलं! घेतलं मला! एकसष्टाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थिनी! जाहिरातीत ‘परंपरा मानणाऱ्या होतकरू पत्रकारांसाठी प्रशिक्षण’ एवढंच होतं, वयाचं काही नव्हतं. वर्गात बाकी सगळी बावीस-तेवीसची पोरं. शिकवणारे निवृत्त संपादक मला बघून म्हणाले, “बाई, जुन्या वळणाचे पत्रकार हवेत म्हटलं होतं. पण इतक्या जुन्या वळणाचे?” मी म्हटलं, “वळण आहे, हे काय कमी आहे?” पोरं खो खो हसली.

पोरं त्यांना करवत म्हणतात. जातायेता कापतात म्हणून.

ज्याचा लेख उत्तम ठरेल त्याला दैनिकात नोकरी. दहा ते सहा, स्वतःचं टेबल! जन्मभर मुलांचे निबंध तपासले. आता माझं कुणीतरी छापावं, एवढीच हाव आहे. पण फार आहे.

मंगळवार, २ सप्टेंबर
करवतीचा नियम म्हणजे कमालच! आपली बाजू मांडण्याआधी विरोधकाची बाजू लिहायची. आणि एका खऱ्याखुऱ्या विरोधकाची त्याखाली सही आणायची — ‘हो, माझं म्हणणं हेच.’ सही नाही, तर आपला लेखही नाही.

माझा विषय — नगरपालिकेची पाळणाघरं. मी ठाम विरोधात. विरोधक शोधायला लांब कशाला जायचं? सूनबाई आहे की! दोन गल्ल्या सोडून राहते, पाळणाघरं हवीत म्हणून सभा घेत फिरते. गेल्या वर्षी जेवताना यावरून आमचं असं वाजलं की तेव्हापासून नुसतं हवापाण्याचं बोलतो.

शुक्रवार, ५ सप्टेंबर
सूनबाईने माझा पहिला खर्डा वाचला. पेन खाली ठेवलं. “आई, ही मी नाही. ही तुमच्या डोक्यातली मी आहे.”

हात हलवत परत आले.

सोमवार, ८ सप्टेंबर
दुसरा खर्डा. आकडे, तज्ज्ञ, सगळं कोंबलं. “हे कुणीही लिहील, आई.” भारीच शिष्ट आहे कार्टी! हे पेपराआडून म्हणाले, “सून कुणाची आहे?”

गुरुवार, ११ सप्टेंबर
आज काही लिहून नेलंच नाही. नुसती गेले. ती कपडे वाळत घालत होती, मी चिमटे देत होते. म्हटलं, “तूच सांग बाई, का हवं पाळणाघर?”

तिने हातातला टॉवेल झटकून दोरीवर टाकला. मग म्हणाली, “उद्या मूल झालं, तर ते सांभाळा म्हणून कुणाच्या दारात उभं राहायचं नाही मला. तुमच्यासुद्धा. एकदा हात पसरला की मग मूल कसं वाढवायचं तेही तुम्हीच ठरवणार.”

माझ्या दारात! आजीचे काय उपकार असतात? घरी येऊन भांडी आपटली. हे मुकाट्याने फिरायला निघून गेले. मग राग ओसरला. मी तरी माझ्या सासूबाईंकडे कधी काही मागितलं? जीव गेला तरी नसतं मागितलं. बसले आणि तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत लिहिलं. लिहिताना वाईट वाटत होतं.

शुक्रवार, १२ सप्टेंबर
सही!! वाचून तिने डोळे पुसले. “पटलं का तुम्हाला?” “छे! मुळीच नाही. पण कळलं.” मग चहा घेतला आणि दोघी मनसोक्त भांडलो. वर्षभराची कसर भरून काढली.

सोमवार, १५ सप्टेंबर
माझा लेख एका बैठकीत झाला. ‘मूल आजीच्या मांडीवरच वाढावे.’ पाळणाघराला पगार लागतो, मांडीला लागत नाही. आजीने मात्र उपकार मोजू नयेत — हे वाक्य सूनबाईमुळे सुचलं, खोटं कशाला बोलू? करवतीने एक शब्दही कापला नाही!

शनिवार, २० सप्टेंबर
लेख छापून आला आणि नोकरी माझी! पोरांनी मला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. हे गल्लीभर अंक वाटून आले, वर ‘मीच वाचून दाखवतो’ म्हणून लोकांना थांबवत होते. आनंद गगनात मावेना.

रविवार, २१ सप्टेंबर
लेक आणि सूनबाई आले. तिच्या हातात अंक. “आई, तुमचा लेख पटला. बाळ तुमच्याकडेच ठेवणार!” “कुणाचं बाळ?” “आमचं! येतंय आता!” मिठी मारून रडले. मग डोक्यात प्रकाश पडला — दहा ते सहा! टेबल सोडायचं? आत्ताच मिळालेलं? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी ह्यांच्याकडे.

उद्याच्या अंकात माझी दुरुस्ती येते आहे: ‘आजीच्या’ऐवजी ‘आजोबांच्या’ असे वाचावे.