मारेनची पाटोडी, पिंकीचं नको

अमरावती, १४ सप्टेंबर २०२५

चि. शालूस,
मोतीरामदादाचा जयभीम अन् आशीर्वाद. फोनवर तू मले बोलूच देत नाही, म्हणून हे पत्र.

अवं, युनिव्हर्सिटीच्या या अदलाबदलीत फायदा आमचाच झाला. आमच्याकडं राहून शिकणारी तुई पिंकी डेन्मार्कले गेली, अन् ती ज्या घरी राहते तिथली मारेन आमच्या घरी आली. तुई पोट्टी पाटोडीच्या भाजीले नाक मुरडे, ही रस्सा पिते! पयल्या दिवशी नको म्हणे. तुया वहिनीनं वाढलं. पुन्हा नको, पुन्हा वाढलं. रडकुंडीले आली, पण ताट साफ केलं. तुई संध्यावहिनी म्हणते, लाजाळू आहे.

पिंकी जाडी झाली असंल. लोभ आहेच, त्यात पाणी घालू नको.
मोतीराम

अकोला, २० सप्टेंबर

ती. दादास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तुले मस्करी सुचते, इथं माह्या जिवाले घोर. पिंकी शिक्षण अर्धवट टाकून परत येतो म्हणते! खोदखोदून विचारलं तवा बोलली. मारेनची आई जेवताना विचारते, आणखी घेशील का. ही नको म्हणते अन् पुन्हा विचारायची वाट पाहते. ती बाई खुशाल भांडं उचलून ठेवते! पोट्टी अर्धपोटी झोपून राहिली. म्हणते, आई, इथं मी कोणाले नकोच आहे.

मी म्हटलं, पयल्यांदाच हो म्हण. तर लाज वाटते म्हणे. लोकाच्या घरी एकदम हात पुढं करू नये, हे मीच शिकवलं नं! काहीतरी कर, बाप्पा. वहिनीले जयभीम, माया आहे तशी ठेव.
शालू

अमरावती, २६ सप्टेंबर

चि. शालूस, आशीर्वाद.

मारेनले सारं सांगितलं. आधी हसली, मग तिचे डोळे भरले. म्हणे, तिकडं नको म्हटल्यावर पुन्हा विचारणं म्हणजे माणसाचा शब्द न मानणं. तिले वाटे, आमी तिचं ऐकतच नाही! लगेच आईले फोन लावला. इकडं संध्या आता एका नकोवर थांबते. कशी थांबते, तिचं तिले ठाऊक.

रागावू नको, लिहीत जा.
मोतीराम

अकोला, ३ ऑक्टोबर

ती. दादास, सप्रेम जयभीम.

पिंकी येत नाही! पुरी शिकूनच येईन म्हणते. त्या माउलीनं विचारलं, हिनं धीर करून हो म्हटलं. जेवली. म्हणे, आई, पोट तर तेवढ्यातच भरलं होतं, पण तिनं दुसऱ्यांदा विचारलं तवा मले रडूच आलं. दादा, मी बी लय रडली.

मारेनले माह्याकडून एक मुका. तुयाही वाट्याले थोडा लोभ.
शालू

अमरावती, ९ ऑक्टोबर

चि. शालूस, आशीर्वाद.

काल पाटोडी केली होती. मारेन नको म्हणे. संध्यानं मुकाट्यानं भाजीचा गंज उचलून आत नेला. तर काय सांगू, पोट्टी रिकामं ताट घेऊन तशीच बसून, सैपाकखोलीच्या दाराकडं पाहून राहिली!

शेवटी मीच विचारलं.
तुया दादा, मोतीराम